चाकांवरील यंत्रे, लेखांक 6 : गोल्फ-गाडीची ओढ

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे ऑगस्टा हे नगर गोल्फच्या मास्टर्स स्पर्धेमुळे जगाला ठाऊक असले, तरी त्या खेळासाठी लागणाऱ्या छोट्या गाड्यांचे माहेरघरही तेच आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. ई-झी-गो ही कंपनी तेथे 1954 साली निघाली, आणि तिची प्रतिस्पर्धी क्लब कार ही ह्यूस्टनहून पुढे त्याच नगरात येऊन स्थिरावली. क्लबांच्या हिरवळीवर काही वर्षे चाकरी झाली, की या विजेच्या गाड्या निकालात निघतात, आणि मग त्यांचा दुसरा जन्म सुरू होतो तो एखाद्या बागाईतदाराच्या दारी : पीकनच्या झाडांच्या फांद्या वाहाव्यात, जळाऊ लाकूड आणावे, मागे ट्रेलर जोडून खत ओढावे. दोन गृहस्थ आणि त्यांच्या काठ्यांच्या दोन थैल्या एवढ्या ओझ्यासाठी ज्या यंत्राची योजना झाली, ते जॉर्जियाच्या तांबड्या चिकणमातीत, ओल्या चढावर, लाकडांनी भरलेल्या ट्रेलरसह मध्येच थबकले, तर त्याला बोल लावणे न्यायाचे होणार नाही. मात्र त्याची ओढ वाढविता येते, आणि ती कोणत्या मार्गाने वाढवावी याचा विचार या लेखांकात करावयाचा आहे.

या बाबतीत मालकाच्या मनात येणारी पहिली तजवीज बहुधा अशी असते, की 36 व्होल्टची गाडी 48 व्होल्टची करावी म्हणजे ती जोरकस होईल. सपाट रस्त्यावर ती अधिक वेगाने पळते, चढावरही तिचा वेग पूर्वीपेक्षा टिकतो, आणि त्यामुळे मालकाची समजूत अधिकच पक्की होते. परंतु जागच्या जागी रुतलेले चाक हलविण्याचा प्रसंग आला, की व्होल्टची ही वाढ जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण त्या क्षणी मोटारीचा टॉर्क, म्हणजे चाक फिरविण्याचा जोर, ठरतो तो तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे अँपिअरवर. व्होल्टांनी वेग मिळतो आणि अँपिअरांनी ओढ. या दोन खात्यांची सरमिसळ झाल्यामुळे कित्येकांचा पैसा नाहक खर्ची पडला आहे.

जुन्या ई-झी-गो गाड्यांत 'सीरिज' जातीची मोटार असे. तिच्या फील्डची वेटोळी आणि आर्मेचर एकामागून एक जोडलेली असल्याने एकच प्रवाह दोहोंतून जातो, आणि प्रवाह दुप्पट झाला की चुंबकक्षेत्रही दुप्पट होऊन टॉर्क चौपट होतो. अर्थात हे लोखंड चुंबकत्वाने संपृक्त होईपर्यंतच, त्यानंतर प्रमाण सरळ होते. मुंबईकराला ही मोटार परकी नाही. 1925 सालच्या 3 फेब्रुवारीस बोरीबंदरहून कुर्ल्याकडे विजेची पहिली गाडी निघाली, त्यानंतर कित्येक दशके उपनगरी गाड्या या मोटारींवर चालल्या, आणि लोकांनी ज्यांना 'खेकडा' असे नाव ठेवले होते ती बोरघाट चढणारी अवजड मालगाडीची एंजिनेही याच जातीच्या मोटारींवर ओझे ओढीत. त्या आगगाड्यांत आणि सुरुवातीच्या गोल्फ-गाड्यांतही प्रवाह आवरण्यासाठी त्याच्या वाटेत रोधक वेटोळी घालीत, व नको असलेली वीज तेथे तापून वाया जाई.

आता ते काम कंट्रोलर करतो, आणि ओढीचे खरे मर्म त्याच्याच कारभारात आहे. तो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडतो आणि तोडतो. जोडलेल्या क्षणांचे प्रमाण वाढविले की मोटारीला मिळणारे व्होल्ट वाढतात, आणि तोडलेल्या क्षणांतही वेटोळ्यांत साठलेला प्रवाह एका डायोडच्या वाटेने मोटारीतच फिरत राहतो. परिणामी, चाक नुकते हलू लागले असताना बॅटरीतून 60 अँपिअर निघत असले तरी मोटारीत 300 अँपिअर खेळत असू शकतात, कारण मोटारीला त्या वेळी व्होल्ट फारच थोडे लागतात. म्हणून कंट्रोलरची मोटार-प्रवाहाची मर्यादा हीच ओढीची मर्यादा होय. 300 अँपिअरचा कंट्रोलर काढून 400 चा बसविला, तर सुरुवातीचा टॉर्क सव्वापटीहून अधिक वाढतो, आणि लोखंड अद्याप संपृक्त झालेले नसेल तर पावणेदोन पटींपर्यंतही जातो. खर्च करावयाचा तर पहिला येथे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अधिक वेढ्यांची नवी मोटार, जी दर अँपिअरमागे जास्त टॉर्क देते पण वेग घटविते, तिचा विचार मागाहून केला तरी चालेल.

चढाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. गाडी, चालक आणि लाकडे मिळून 900 किलो, चढ दहास एक, आणि ओल्या मातीचा अटकाव वजनाच्या तीन टक्के धरला, तर चाकांना 117 किलोंची सततची ओढ द्यावी लागते. ताशी 15 किलोमीटर वेगाने हे करावयाचे तर चाकांपाशी सुमारे 4.8 किलोवॅट हवेत. मोटार, गिअर व कंट्रोलर यांची तूट जमेस धरता बॅटरीकडून साडेसहा किलोवॅटच्या आसपास मागणी होते, आणि ओझ्याखाली 34 व्होल्टांपर्यंत उतरलेल्या संचातून ती भागविण्यास 190 अँपिअर लागतात.

एवढा प्रवाह सीटखालील केबलींतून जावयाचा असतो. 13 चौरस मिलिमीटर छेदाची, एकूण पाच मीटर भरणारी तांब्याची केबल 300 अँपिअरला जवळजवळ दोन व्होल्ट गिळते, म्हणजे सहाशे वॅटची शेगडीच तेथे पेटलेली असते. 34 चौरस मिलिमीटरची केबल घातली की हे नुकसान निम्म्याहून खाली येते. मोठा कंट्रोलर बसवून जुन्याच केबली ठेवणाऱ्याला ही शेगडी फुकट मिळते. केबलींबरोबरच सोलेनॉइड, म्हणजे मुख्य प्रवाह जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच, हेही वाढीव क्षमतेचे घ्यावे, आणि जुन्या गाड्यांत पुढे-मागे जाण्याचा जो हाताने फिरविण्याचा स्विच असतो त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मोटारीचा सगळा प्रवाह त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांतून जातो. त्या पट्ट्यांवर काळे खड्डे पडलेले असतील किंवा भोवतालचे प्लॅस्टिक करपून वाकले असेल, तर तो स्विच वाढीव प्रवाहाखाली फार दिवस टिकत नाही. दोष हुडकण्याची सोपी रीत म्हणजे एक जण भरली गाडी चढावर चालवीत असता दुसऱ्याने बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर मल्टीमीटरचे एक टोक आणि तिच्यावर आवळलेल्या केबलच्या टोकावर दुसरे टेकवावे. निर्दोष जोडावर काटा जेमतेम हलतो. जेथे तो अर्धा व्होल्ट दाखवितो तेथे नट सैल आहे किंवा हिरवट-पांढरा क्षार साचला आहे, आणि एके दिवशी ती खुंटी वितळून खाली ओघळणार आहे.

बॅटऱ्यांविषयी लोकांत भाबडेपणा पुष्कळ आढळतो. ट्रोजन कंपनीच्या टी-105 या सहा व्होल्टच्या बॅटरीवर 225 अँपिअर-तास असा आकडा असतो, पण तो वीस तासांत सावकाश रिती करण्याचा. 75 अँपिअरने काढू लागले तर ती 115 मिनिटांत संपते, म्हणजे हाती पडतात जेमतेम 144 अँपिअर-तास. चढावरच्या 190 अँपिअरला ही घट आणखी वाढते. म्हाताऱ्या संचावर नवा कंट्रोलर चढविणे म्हणूनच व्यर्थ होय. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा संच घेतल्यास शिशाचे शंभराहून अधिक किलो वजन उतरते आणि व्होल्टही ओझ्याखाली फारसे पडत नाहीत. परंतु त्याच्या आतील संरक्षक मंडलाची प्रवाह-मर्यादा आधी तपासून घ्यावी, नाही तर ऐन चढावर ते मंडल वीज तोडून मोकळे होते.

गिअरविषयी थोडक्यात सांगावयाचे तर मागील आसातील मूळ प्रमाण सुमारे बारास एक असते, आणि वेगाच्या हौसेने आठास एकचा संच घातलेली गाडी विकत घेतली असेल तर तो काढून मूळचा बसविणे हीच मोठी सुधारणा ठरते. चाकांचेही तसेच. 18 इंची टायर काढून ऐट म्हणून 22 इंची लावले, की तेवढीच ओढ देण्यास मोटारीला 22 टक्के अधिक टॉर्क द्यावा लागतो. पुष्कळ गाड्यांची 'अशक्तता' एवढीच असते.

राहता राहिला उतार. या गाड्यांचे ब्रेक केवळ मागील दोन चाकांच्या ड्रममध्ये असतात, आणि पुष्कळ दोन-आसनी गाड्यांची कारखान्याने ठरविलेली भारमर्यादा प्रवाशांसह सुमारे 800 पौंड, म्हणजे 363 किलो असते. वाढविलेला टॉर्क त्या मर्यादेत कसलाही बदल करीत नाही. शिवाय सीरिज मोटार साध्या कंट्रोलरवर उतारात स्वतः काहीच अटकाव करीत नाही, आणि ओझ्याने ढकललेली गाडी तिला मर्यादेपलीकडे गरगर फिरवू लागली तर आर्मेचरची वेटोळी उखडून मोटार निकामी होते. म्हणून ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असावा, ब्रेकचे शू नवे घालावेत, आणि जेथे चढाइतकाच उतारही रोजचा आहे तेथे वेगळ्या फील्डची मोटार असलेली गाडी पसंत करावी, कारण ती उतारात जनित्राचे काम करून वेग आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. तिच्या रचनेचा विचार पुढील लेखांकी करू.