रॉन बरासी

रोनाल्ड डेल बरासी (जन्म : २७ फेब्रुवारी १९३६, कॅसलमेन, व्हिक्टोरिया, मृत्यू : १६ सप्टेंबर २०२३) हे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील एक अग्रगण्य खेळाडू आणि प्रशिक्षक होते. खेळाडू म्हणून सहा व प्रशिक्षक म्हणून चार, अशा एकूण दहा विजेतेपदांत त्यांचा वाटा होता. मात्र त्यांचे नाव केवळ विजयांमुळे स्मरणात राहिलेले नाही. खेळाडूने एकाच क्लबशी आजन्म बांधील राहावे, हा रूढ संकेत त्यांच्या एका निर्णयाने मोडला.

खेळाचे स्वरूप

हा खेळ लंबगोल मैदानावर, प्रत्येकी अठरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने मारल्यास गोल होतो व सहा गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेल्यास एक गुण मिळतो. चेंडू हाताने फेकता येत नाही. तो लाथेने मारावा लागतो किंवा एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो. या दुसऱ्या प्रकाराला हँडबॉल म्हणतात.

प्रारंभिक जीवन

बरासी यांचे वडीलही मेलबर्न क्लबचे खेळाडू होते आणि १९४०च्या विजेत्या संघात त्यांचा समावेश होता. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली लिबियातील टोब्रुक येथे त्यांना वीरमरण आले. त्या वेळी मुलगा अवघा पाच वर्षांचा होता. पुढे आईने पुनर्विवाह करून टास्मानियात वास्तव्य केले. खेळासाठी मेलबर्नमध्येच राहिलेल्या किशोरवयीन रॉनला वडिलांचे सहखेळाडू नॉर्म स्मिथ यांनी आपल्या घरी आसरा दिला. स्मिथ हे १९५२पासून मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक होते. त्यामुळे पालक आणि गुरू या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या.

खेळाडू म्हणून कारकीर्द

त्या काळी खेळाडूचा क्लब त्याच्या राहत्या भागावरून ठरत असे. मात्र क्लबकडून पुरेसे सामने खेळलेल्या खेळाडूच्या मुलाला या नियमातून सवलत होती. तिचा लाभ घेऊन बरासी १९५३ मध्ये मेलबर्नकडून खेळू लागले आणि वडिलांचा ३१ क्रमांक त्यांनी धारण केला. उंच रकमन आणि चपळ रोव्हर यांच्या मधली ‘रक-रोव्हर’ ही भूमिका स्मिथ यांनी त्यांच्याकडून विकसित करून घेतली. १९५५, १९५६, १९५७, १९५९, १९६० आणि १९६४ साली मेलबर्नने विजेतेपद पटकावले. यांपैकी शेवटच्या दोन वेळा बरासी कर्णधार होते.

कार्ल्टनकडे प्रस्थान

१९६४च्या अखेरीस कार्ल्टन क्लबने त्यांना कर्णधार व प्रशिक्षक असे दुहेरी पद देऊ केले. मेलबर्नमध्ये प्रशिक्षक व्हायचे तर स्मिथ यांची जागा घ्यावी लागली असती, आणि ते त्यांना रुचणारे नव्हते. त्यांनी कार्ल्टनचा प्रस्ताव स्वीकारला. वडिलांचा व गुरूचा क्लब सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाणे अनेक चाहत्यांना विश्वासघातासारखे वाटले. १९६४ नंतर मेलबर्नला पुढील विजेतेपदासाठी २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली.

कार्ल्टनने १९६८च्या अंतिम सामन्यात एसेंडनला ५६-५३ असे हरवले. या सामन्यात कार्ल्टनचे गोल सात, तर एसेंडनचे आठ होते. १९७०चा अंतिम सामना अधिक गाजला. १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कॉलिंगवूडने मध्यंतरापर्यंत ४४ गुणांची आघाडी घेतली होती. बरासी यांनी खेळाडूंना न डगमगता हँडबॉल करत पुढे सरकण्यास सांगितले आणि राखीव खेळाडू टेड हॉपकिन्स यांना मैदानात उतरवले. हॉपकिन्स यांनी चार गोल केले आणि कार्ल्टनने १११-१०१ असा विजय मिळवला. हँडबॉल हा अडचणीतून सुटण्याचा उपाय मानला जात असे. आक्रमणाचे साधन म्हणून त्याची चर्चा या सामन्यानंतर वाढली.

नॉर्थ मेलबर्न

१९७३ मध्ये बरासी नॉर्थ मेलबर्नचे प्रशिक्षक झाले. १९२५ पासून लीगमध्ये असलेल्या या क्लबला तोवर एकही विजेतेपद मिळालेले नव्हते आणि आदल्या हंगामात तो तळाला होता. १९७४ ते १९७८ या पाचही वर्षी क्लबने अंतिम फेरी गाठली. १९७५ मध्ये हॉथॉर्नवर ५५ गुणांनी मात करून पहिले विजेतेपद मिळाले. १९७७ मध्ये कॉलिंगवूडविरुद्धचा अंतिम सामना ७६-७६ असा बरोबरीत सुटला व पुन्हा खेळवलेल्या सामन्यात नॉर्थ मेलबर्नने २७ गुणांनी विजय मिळवला.

मेलबर्न आणि सिडनी

१९८१ मध्ये ते मेलबर्नला परतले, परंतु पहिल्या हंगामात संघाला एकच सामना जिंकता आला. पाच वर्षांत बाद फेरीही गाठता आली नाही. तथापि आयर्लंडमधील गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या तरुणांना आणण्याची योजना याच काळातली. त्यातून आलेले जिम स्टाइन्स यांनी १९९१ मध्ये लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळवले.

१९९३ मध्ये सलग पराभवांनी खचलेल्या सिडनी स्वान्सची धुरा त्यांनी स्वीकारली. गुणतक्त्यात फार मोठी झेप दिसली नाही. पण ते १९९५ मध्ये निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला.

वारसा

इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये एका व्याख्यानात ‘बरासी रेषा’ ही संज्ञा विनोदाने वापरली. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा प्रदेश आणि रग्बीचा प्रदेश यांना विभागणारी ही कल्पित रेषा आता अभ्यासकांच्या लेखनातही आढळते. पुढे बरासी स्वतःच ही रेषा ओलांडून सिडनीला गेले. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना ‘लेजंड’ हा सर्वोच्च दर्जा देण्यात आला. मेलबर्न क्रिकेट मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा आहे.