निबंधाची बांधणी

निबंध या शब्दातच ‘बंध’ आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मराठीत या लेखनप्रकारास मोठी प्रतिष्ठा लाभली. शाळेच्या वहीत मात्र पुष्कळदा माहिती असते, बंध नसतो.

‘गोदावरी’ या विषयावर तुम्हांला लिहावयाचे आहे, असे समजा. तुम्ही टाचणे काढली, ती अशी : नदी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिची लांबी सुमारे १४६५ किलोमीटर आहे. नाशिकला कुंभमेळा भरतो. पैठण ही संत एकनाथांची भूमी. तेथील जायकवाडी धरणाचे उद्‌घाटन १९७६ साली झाले. नाशिकजवळ गंगापूर धरण आहे. यांतील एकही गोष्ट खोटी नाही. पण ती अशीच उतरवून काढली, तर निबंध होईल काय? बाजारातून आणलेली भाजी पिशवीसकट ताटात वाढण्यासारखे ते होईल.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस विचारावे : मला नेमके काय सांगावयाचे आहे? उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. समजा, तुमचे उत्तर असे आहे : ‘गोदावरीचे पाणी वरच्या व खालच्या भागांनी वाटून घेतले पाहिजे.’ हे झाले तुमचे प्रतिपादन. ते सापडले, की टाचणांची निवड करता येते. कुंभमेळा आणि एकनाथमहाराज आपणांस कितीही प्रिय असोत, या निबंधातून त्यांना रजा द्यावी लागेल. हे फार जड जाते! माझ्या मते, लिहिण्याहून गाळणेच कठीण.

आता क्रम. सह्याद्रीवर पाऊस भरपूर पडतो, पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. ही गोष्ट आधी सांगितली, म्हणजे मराठवाडा वरच्या पाण्यावर का अवलंबून आहे, हे कळते. मग वरची धरणे : गंगापूर, दारणा आणि प्रवरेवरील भंडारदरा. त्यानंतर जायकवाडी, आणि त्याचे पाणी पिणारे छत्रपती संभाजीनगर. या परिच्छेदांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडले नाही, तर रचना झालीच नव्हती असे समजावे.

येथे पुष्कळ विद्यार्थी थांबतात. परंतु नाशिक व अहिल्यानगरचा शेतकरी काय म्हणेल? ‘दारणा आणि भंडारदरा ही धरणे स्वातंत्र्यापूर्वीची, आमच्या शेतांसाठीच ती बांधली. पाणी खाली सोडले, तर आमच्या बागा वाळतील, आणि वाटेत कोरडे पात्र त्यातले पुष्कळसे पिऊन टाकील.’ हे म्हणणे त्याच्याच जोराने मांडावे. ते दुबळे करून मांडणे म्हणजे वाचकास फसविणे होय. त्यानंतरच आपले उत्तर द्यावे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व येथे आधारास घेता येईल.

प्रारंभाचे वाक्य शेवटी लिहिले तरी चालते. ‘पाणी म्हणजे जीवन’ अशा वाक्याने काही साधत नाही. ते कोणत्याही नदीस लागू पडते. त्याऐवजी ‘सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस पैठणला पोचेपर्यंत विरळ होतो,’ असे लिहून पाहा. मग पैठणला पाणी येते कोठून, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो, आणि पुढचा परिच्छेद लिहावयास तुम्ही मोकळे होता.