मान वर करून पाहावं असं काही: अजिंठ्याचं छत आणि जे. जे. चे विद्यार्थी

मंडळी, गेल्या वेळी आपण पैठणीच्या काठापदरावरचे मोर आणि पोपट पाहिले. आज आपल्या छत्रपती संभाजीनगरहून साधारण शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याला जाऊ. निसर्गातल्या वस्तूची नक्षी कशी होते, आणि ती शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या कामाचं पुढे काय झालं, हे आज समजून घेऊ.

1872 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथं आले. लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायच्या, हे काम. हिवाळा आला की ही मंडळी वाघूर नदीच्या त्या घळीत यायची, अंधाऱ्या लेण्यांत बसून कॅनव्हासवर तैलरंगात चित्रं उतरवायची. 1885 पर्यंत सुमारे 300 प्रतिकृती झाल्या. पुढे चित्रकार म्हणून नाव मिळवलेले पेस्तनजी बोमनजी हे याच विद्यार्थ्यांपैकी.

आता, अजिंठा म्हटलं की आपल्याला पद्मपाणी आठवतो. पण नक्षी शिकायची तर मान वर करायला हवी. 1 आणि 2 क्रमांकाच्या लेण्यांची छतं चौकटींत विभागलेली आहेत, आणि त्यांत कमळं, वेली, फळं, पक्षी, प्राणी भरलेत. कमळ एकच, पण कुठं कळी, कुठं अर्धं उमललेलं, कुठं पूर्ण फुललेलं. म्हणजे चित्रकारानं आधी ते फूल नीट पाहिलंय. ही झाली पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे सोडून देणं. पाकळीवरची प्रत्येक शीर काढायची नाही. ज्या रेषेनं कमळ ओळखू येतं तेवढीच ठेवायची. तिसरी पायरी जागेची. चौकटीचा कोपरा रिकामा राहतोय? मग देठ लांबतो, वळतो, पान तिकडं झुकतं. तलावातल्या कमळाला असा बाक नसतो, पण तो खोटा वाटत नाही, कारण वाढणाऱ्या देठाची चाल चित्रकाराला ठाऊक आहे. 2 क्रमांकाच्या लेण्यातली हंसांची रांग बघा: लय एकच, पण एका हंसाची मान दुसऱ्यासारखी नाही.

विद्यार्थ्यांच्या त्या कष्टाचं पुढे काय झालं? प्रतिकृती लंडनला गेल्या आणि 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी 1866 मध्ये रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृतीही लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. इकडे मूळ चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांना वार्निश लावलं गेलं. ते काळानं पिवळं पडलं आणि चित्रांचं नुकसानच झालं. जपण्याच्या हेतूनं केलेलं कामही बाधतं, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

मग उरलं काय? 1896-97 मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यातला दुसरा खंड नक्षीकामाचा. आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस: त्याच्या दगडी कोरीवकामात जे. जे. च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तिथली पानं-फुलं, मोर, माकडं पुढच्या वेळी गाडी पकडायच्या घाईतही एकदा पाहा. कॅनव्हास जळाला, तरी पाहायची सवय लागलेला हात जळत नाही.

आज आपली मुलं ग्रेड परीक्षेसाठी संकल्पचित्र काढतात, तेव्हा बहुतेक वेळा तयार पुस्तकातलं कमळ गिरवतात. तिथं पहिली पायरीच गळते. म्हणून एक काम सुचवतो. दारातल्या जास्वंदीचं एकच फूल सलग सात दिवस काढायचं: कळीपासून गळेपर्यंत. आठव्या दिवशी कागदावर चौकट आखा आणि ते फूल तिच्यात बसवा. मग अजिंठ्याला जा. छत आपोआप वाचता येईल.