उंबऱ्याशी आलेलं पोर्तुगाल

सकाळी उठून आपण चावीनं कपाट उघडतो, मुलांना पाव आणायला पिटाळतो, बटाटे चिरायला घेतो आणि महिनाअखेर आली की यजमानांच्या पगाराकडे डोळे लावून बसतो. चावी, पाव, बटाटा, पगार! हे चारही शब्द पोर्तुगीजांचे बरं का. बालदी, घमेलं, पिंप, बिजागरी, फीत, कोबी हेही त्यांचेच. साबण त्यांचा की अरबांचा, यावर पंडितांनी खुशाल भांडावं. आपल्याला कपडे धुतल्याशी कारण.

आम्हा डहाणूकरांना तर हे पाहुणे परके नव्हतेच. १५३४ साली गुजरातच्या सुलतानानं वसई पोर्तुगीजांना दिली, १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं, आणि मधला सगळा किनारा त्यांचा ‘उत्तर प्रांत’ झाला. केळवे-माहीम, तारापूर, डहाणू सगळं त्यातच. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ही ठाणी मराठ्यांकडे आली. आमच्या खाडीकाठचा जुना किल्ला आजही उभा आहे. त्याच्यावरून रोज बाजाराला जाताना कुणाला त्याची आठवण होत नाही, हे मात्र खरं. मिरची, पेरू, पपई, अननस, काजू ही त्यांच्या गलबतांतून आलेली मंडळी. चिकूही मूळचा तिकडचाच, मेक्सिकोच्या बाजूचा. पण आपल्या चिकूवाड्यांचं श्रेय इराणी बागाईतदारांना द्यायला हवं. २०१६ साली घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही.

तलासरीच्या बायकांना तर पोर्तुगाल आणखी जवळ. १७८३ मध्ये मराठ्यांनी भरपाई म्हणून नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांना दिली. रेघ ओढली गेली, पण वारली कुटुंबं दोन्हीकडे होती. म्हणजे सासर इकडे आणि माहेर पोर्तुगीज हद्दीत, अशी तऱ्हा! १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि मग सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके होते, हे कितीजणींना ठाऊक आहे? पुढच्याच वर्षी ज्यांचं गीतरामायण घरोघरी रेडिओवर ऐकलं गेलं, तेच हे बाबूजी. दमण मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबलं.

आमच्या सासूबाई दमणला ‘फिरंग्यांचं गाव’ म्हणायच्या. गेल्या हिवाळ्यात मी आणि जाऊबाई तिथे जाऊन आलो. डहाणू रोडहून गाडीनं वापीला उतरायचं, पुढे रिक्षा. दमणगंगेच्या अलीकडे मोटी दमण, पलीकडे नानी दमण. मोटी दमणच्या किल्ल्यातच वस्ती आहे, आणि १६०३ सालचं बॉम जीझस चर्च. आतलं लाकडी कोरीवकाम बघायला तरी जाच. बाकी गावात आलेली गर्दी कशासाठी येते ते तुम्हाला माहीतच आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

ओळखीतून एका ख्रिस्ती घरी चहाला बसलो. सत्तरी उलटलेल्या आंटी आमच्याशी गुजरातीत बोलत होत्या, नातसुनेशी इंग्रजीत, आणि स्वयंपाकघरातल्या आपल्या बहिणीशी तिसऱ्याच भाषेत. ही कुठली हो, असं विचारलं तर म्हणाल्या, ही आमची घरची. तिचं नावच ‘लिंग्वा द कासा’, घरची भाषा! पोर्तुगीज शिपाई-व्यापाऱ्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, आणि चुलीपाशी, पाळण्यापाशी ही बोली घडली. पोर्तुगीज व्याकरणाचा काच तिनं बराच सैल केला आहे. अशीच एक बोली आपल्या रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याजवळच्या कोर्लईत आहे. मराठी राज्यात राहूनही टिकली आणि मराठीचं पुष्कळ वळण घेऊन बसली. डहाणूला मात्र तसं काही उरलं नाही, शब्द तेवढे राहिले.

आंटींच्या घरात भिंतीवर फोटोच फोटो. एक मुलगा, दोन नातू लेस्टरला. १९६१ पूर्वी दमणला जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. तो पासपोर्ट मिळाला की युरोपीय संघात कुठंही राहता येतं. ब्रिटन बाहेर पडेपर्यंत तिथलीही वाट खुली होती, २०२० संपताना ती बंद झाली. पण आपला कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं गेलं. मतदान गेलं. नंतर परदेशस्थ भारतीयाचं कार्ड काढता येतं खरं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि हे लक्षात ठेवा हं, नवऱ्यानं नागरिकत्व बदललं म्हणून बायकोचं आपोआप बदलत नाही. नातसून त्यावरच अडली होती. नवरा कागद पाठव म्हणत होता, आणि तिचे आईवडील उमरगावला एकटे. मी तिला काय सांगणार? माझ्या मनात आलं, सही करण्यापूर्वी निदान वर्षभर थांबावं. बोलले मात्र नाही.

आम्ही निघायच्या बेतात असतानाच नातवाचा फोन आला. आंटींनी चष्मा लावला, फोन कानाशी धरण्याऐवजी तोंडासमोर धरला आणि घरच्या भाषेत भराभर विचारायला लागल्या. पलीकडून उत्तरं इंग्रजीत येत होती. मला त्यातला एकच शब्द कळला, पाव. जेवलास का, असं काहीतरी विचारत असाव्यात. जाऊबाई म्हणाल्या, चला, पावणेसहाची गाडी चुकेल.