उदो उदो आणि काठीची साधना

आश्विन शुद्ध प्रतिपदा जवळ आली की आमच्या वणी गावाचे चित्त सप्तशृंगगडाकडे लागते. गाव दिंडोरी तालुक्यात, गड कळवण तालुक्यात. परंतु संबळाचा ठेका वाजू लागला की हे अंतर उरत नाही. त्या ठेक्यामागील एका अबोल साधनेविषयी आज भाविक वाचकांशी चार शब्द बोलावे, असे आम्हांस वाटले.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या आळीतील एका गोंधळी घरातील वृद्धाचा डावा हात अर्धांगाने निकामी झाला आणि संबळ चौदा वर्षांच्या नातवाच्या कमरेला आला. मुलगा तालाचा पक्का; पण आजोबा आजारी, शेजारी परीक्षेची मुले, त्यात पावसाळी दमटपणाने सैल पडलेले कातडे. घरच्यांनी मोटारीचे जुने टायर आणून दिले. मुलाने त्यावर दोन महिने काठ्या चालविल्या. घटस्थापनेच्या रात्री मात्र त्याची डावी काठी संबळावर उठेचना. अंथरुणावरून ऐकणाऱ्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी आले. दोष मुलाच्या कष्टांचा नव्हता, भूमीचा होता.

रबर काठीला स्वतःच उडवते. त्यावर हात चपळ भासतो, परंतु ते काम रबराचे असते, मनगटाचे नव्हे. याउलट गोधडीची घडी काठी गिळून टाकते. तिच्यावर थोडा वेळ वाजविल्यास मनगट बळकट होते, अतिरेक झाल्यास दुखावते. नुसत्या लाकडी फळीचा हादरा सांध्यांत शिरतो आणि आवाजही फार होतो. म्हणून सरावाची गादी निवडताना मध्यम मार्गच श्रेयस्कर होय. वीतभर उंचीवरून काठी अलगद सोडावी. ताणलेल्या कातड्यावर ती जितकी उसळते तितकीच, किंवा किंचित कमी, गादीवर उसळली पाहिजे. गादी जागची सरकू नये, आघाताचा स्पष्ट पण हलका आवाज यावा, म्हणजे दोन्ही हातांतील भेद कानाला कळतो.

बाजारात रबरी गाद्या तयार मिळतात. न परवडल्यास इंचभर जाडीच्या फळीवर चांभाराकडील तळव्याचे पाव इंची रबर चिकटवावे व खाली पोते घालावे. संबळ उभ्याने वाजतो, म्हणून गादीही कमरेच्या उंचीवर ठेवावी. काठ्या नेहमीच्याच असाव्यात. संबळाच्या एका काठीचे टोक वळलेले असते, तिचा तोल सरावातही सांभाळला पाहिजे. अंगठा व तर्जनी यांनी काठी धरावी, उरलेली बोटे सैल ठेवावीत.

आता गणित. 'उ' उजव्या हाताने, 'दो' डाव्या हाताने, असे संथपणे शंभर वेळा म्हणावे. मग हात बदलून 'उ' डाव्याने म्हणावे. दोन्ही वेळी नाद सारखा आला तरच गती वाढवावी. अमेरिकेतील जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांनी १९३५ साली 'स्टिक कंट्रोल' या पुस्तकात उजव्या-डाव्या आघातांचे असेच क्रम मांडले. सातासमुद्रापलीकडेही हाताचा धर्म एकच!

आमच्या शास्त्राने तर चर्मवाद्याचा उगमच श्रवणात सांगितला आहे. कमळपत्रांवर पडणाऱ्या पर्जन्यधारांचे लहानमोठे नाद ऐकून स्वाती मुनींना पुष्कर वाद्य सुचले, अशी कथा नाट्यशास्त्रात आहे. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीस शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकरा'त वाद्यांसाठी स्वतंत्र अध्याय दिला. आणि पतंजली मुनी सांगतात की दीर्घकाळ, अखंड व आदराने केलेला अभ्यासच दृढभूमी होतो. त्या तीन अटींतील 'आदर' आम्ही विसरतो. गादी निर्जीव खरी, पण तिच्यावर पडणारा प्रत्येक आघात देवीपुढेच पडतो आहे, असे मानले पाहिजे.

एक दृष्टांत देतो. २०२२ साली आईच्या मूर्तीवरील वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर विधिपूर्वक उतरविला गेला आणि आतील मूळ स्वरूपाचे दर्शन घडले. संबळाचा घुमारा हाही एक थरच आहे. त्याखाली हाताचे दोष झाकले जातात. गादीवर घुमारा नसतो, म्हणून हात जसा आहे तसा दिसतो. प्रथम लाज वाटते, मग सुधारणा होते.

त्या मुलासाठी आम्ही व गावच्या सुताराने मिळून अशी गादी केली. वर्षभर पहाटे आजोबांच्या खाटेशेजारी तो वाजवितो आहे. घरात कोणाची झोप मोडत नाही. आजोबा उजव्या हाताच्या बोटांनी खाटेवर ताल धरतात आणि चुकले की बोट थांबवितात. परवा आम्ही पाऊण घटका बसलो, बोट एकदाही थांबले नाही. या घटस्थापनेस तो पुन्हा उभा राहील. फळ आईच्या हाती. तयारी मात्र पूर्ण आहे.

ज्यांच्या घरी संबळ, ताशा वा नगाऱ्याची सेवा आहे, त्यांनी मुलांस 'आवाज करू नका' म्हणून थांबवू नये. योग्य भूमी द्यावी. बोला, अंबाबाईचा उदो उदो!