कपाशीवर फवारायचं मीठ ऑपरेशन थिएटरमध्ये काय करतं?

कपाशीवर लाल्या दिसला की शेतकरी मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. गरम पाण्यात टाकून पाय शेकायचं एप्सम सॉल्ट म्हणजेही तेच. हाच पदार्थ शुद्ध इंजेक्शनच्या रूपात छातीच्या शस्त्रक्रियेत काही वेळा शिरेतून देतात. (घरचं पाकीट त्यासाठी नाही, हे वेगळं सांगायला नको!)

फुप्फुसावर शस्त्रक्रिया करायची तर ते हलून चालत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत दोन पोकळ्यांची नळी घालतात आणि एकाच फुप्फुसाला हवा देतात. दुसरं हवा गेलेल्या फुग्यासारखं मिटतं. रक्त मात्र त्यातूनही वाहतं आणि ऑक्सिजन न घेताच परत येतं. यावर शरीराकडे स्वतःचा उपाय असतो. मिटलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चालू फुप्फुसाकडे वळतं.

आता खरी गंमत. स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं आणि मॅग्नेशियम त्याचीच वाट अडवतं. त्यामुळे श्वासनलिका सैलावून रुंद होतात. दम्याच्या तीव्र झटक्यात ते देतात ते यासाठीच. पण रक्तवाहिन्याही सैलावतात, म्हणजे शरीराचा तो उपाय ढिला पडण्याची शंका उरते.

वेदनेचं गणित वेगळं. छातीवरची जखम प्रत्येक श्वासाला दुखते. रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो आणि कफ साचतो. मॅग्नेशियम वेदनेचे संदेश काहीसे रोखतं, त्यामुळे श्वास मंदावणारी अफूजन्य औषधं कमी लागू शकतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कोरियातल्या एका चाचणीत, दुर्बिणीने छातीची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना ते दिलं होतं, त्यांची फुप्फुसं नंतरच्या दोन दिवसांत अधिक चांगली चालली. चाचणी छोटी होती, हे विसरू नये.

मात्र हेच औषध श्वास थांबवूही शकतं. भूल देताना स्नायू शिथिल करणारी औषधं वापरतात आणि मॅग्नेशियम त्यांचा अंमल लांबवतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते रक्तात साचतं. गर्भवतीला झटक्यांसाठी ते देताना डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात. पाय उडाला नाही तर डोस थांबवतात. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ असतं.

भुलीत आणि स्नायू शिथिल असताना ही हातोडी कामाची नाही. तिथे मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार हलके झटके देतात आणि अंगठा किती उडतो ते मोजतात. चौथी उडी पहिलीच्या निदान ९० टक्के झाली, की मगच नळी काढायचा विचार होतो.