एक प्रकरण, सात जबान्या

पडदाभर चांदण्या. वरच्या बाजूने एका अवाढव्य यानाचं पोट संथपणे सरकत येतं. 'स्टार वॉर्स' पाहिलेला प्रेक्षक सरसावून बसतो आणि तेवढ्यात कॅमेरा थोडा मागे येतो. यान कसलं? विजेच्या खांबावर काम करणाऱ्या वायरमनला वर उचलून धरणाऱ्या गाडीचा तो पाळणा असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटातच प्रेक्षकाचे डोळे त्याला फसवतात आणि पुढचा पाऊण तास काय वाढून ठेवलंय, याची ही चुणूक असते.

'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या पर्वातला हा भाग. नाव 'होझे चंग्ज फ्रॉम आउटर स्पेस'. फॉक्स वाहिनीवर तो १२ एप्रिल १९९६ रोजी दाखवला गेला. लेखक डॅरिन मॉर्गन, दिग्दर्शक रॉब बोमन.

ख्रिस कार्टर यांनी ही मालिका सप्टेंबर १९९३ मध्ये सुरू केली. तिचा साचा साधा होता. एफबीआयचे दोन अधिकारी उलगडा न झालेल्या प्रकरणांच्या मागे लागतात. फॉक्स मल्डरच्या बहिणीला लहानपणी कुणीतरी पळवून नेलेलं, त्यामुळे त्याला प्रत्येक गूढात परग्रहवासी दिसतात. डेना स्कली डॉक्टर आहे, ती पुरावा मागते. डेव्हिड डकॉव्हनी आणि जिलियन अँडरसन या जोडीची ही मालिका नऊ पर्वं चालली आणि २०१६ व २०१८ मध्ये पुन्हा परतली. एरवी ही मालिका स्वतःला फार गंभीरपणे घेते. अंधार, टॉर्चचे झोत, सरकारी कटकारस्थानं. मॉर्गन यांनी मात्र या गांभीर्याचीच टोपी उडवली.

गोष्ट सांगायला घ्यावी तर पंचाईत होते, कारण ती नेमकी कुणाची ऐकायची? हॅरल्ड आणि क्रिसी ही दोन कॉलेजवयीन मुलं रात्री गाडीतून जात असतात. रस्त्यात दोन करड्या रंगाचे, मोठ्या डोळ्यांचे परग्रहवासी त्यांना बेशुद्ध करून ओढत नेऊ लागतात. इथवर ठरलेलंच. पण तेवढ्यात आकाशातून आणखी एक यान उतरतं, त्यातून तांबडा, राक्षसासारखा तिसरा प्राणी बाहेर पडतो आणि ते दोघे करडेच टरकतात. हे काय आहे, असं एक जण दुसऱ्याला चक्क इंग्रजीत विचारतो!

पुढे होझे चंग नावाचा नामवंत लेखक या प्रकरणावर पुस्तक लिहायला घेतो आणि स्कलीची मुलाखत घेतो. चार्ल्स नेल्सन रायली यांनी हा लेखक मिस्कीलपणे उभा केला आहे. मग जबान्या सुरू होतात. क्रिसीला संमोहित केल्यावर ती परग्रहवासी पाहते. दुसऱ्यांदा संमोहित केल्यावर त्याच खोलीत, त्याच जागी तिला लष्करी माणसं दिसतात. हॅरल्डच्या आठवणीत शेजारच्या पिंजऱ्यात एक करडा परग्रहवासी सिगारेट ओढत बसलेला आहे. वायरमन रॉकीने आपली जबानी थेट चित्रपटाच्या पटकथेसारखी लिहून काढली आहे. मल्डर सांगतो की रस्त्याकडेच्या खानावळीत त्याला हवाई दलाचा एक वैमानिक भेटला आणि त्याने सगळं कबूल केलं. खानावळीचा आचारी सांगतो, मल्डर एकटाच आला होता. एकेक प्रश्न विचारत रताळ्याच्या पायचा एकेक तुकडा त्याने संपवला. उडत्या तबकड्यांनी झपाटलेला ब्लेन नावाचा पोरगा तर स्कलीनेच आपल्याला दमदाटी केली, असं सांगतो. स्कलीला हे मान्य नाही.

तपास करणारा स्थानिक डिटेक्टिव्ह मॅनर्स दर दोन शब्दांमागे एक शिवी घालतो. स्कली मात्र सभ्यपणे त्या जागी 'ब्लीप' म्हणत जाते. त्यामुळे पडद्यावरचा मॅनर्सही तोंडाने 'ब्लीप, ब्लीप' करत बोलतो. मराठी छापील मजकुरात शिव्यांच्या जागी फुल्या येतात. एखादा माणूस तोंडानेच 'फुली, फुली' म्हणू लागला तर कसं होईल, तसा हा प्रकार. विनोद तर आहेच, पण आपण जे पाहतोय ते घडलेलं नसून सांगितलेलं आहे, हेही मॉर्गन त्यातून बजावतात.

ही सगळी गंमत हवेत बांधलेली नाही. उडत्या तबकड्यांच्या खऱ्या इतिहासातून मॉर्गन यांनी विटा आणल्या आहेत. घटना घडते त्या काल्पनिक तालुक्याचं नाव 'क्लास'. फिलिप क्लास हे विमानविषयक पत्रकार तबकड्यांच्या दाव्यांची चिरफाड करण्यासाठी ओळखले जात. एका सार्जंटचं नाव हायनेक आहे. जे. अॅलन हायनेक हे अमेरिकन हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'चे खगोलशास्त्रीय सल्लागार होते. १९५२ ते १९६९ या काळात चाललेल्या या प्रकल्पाच्या दप्तरात १२,६१८ नोंदी जमा झाल्या; त्यांतल्या ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही. हवाई दलाच्या एका मेजरला व्हॅली हे नाव आहे, ते तबकड्यांचे फ्रेंच अभ्यासक झाक व्हॅली यांच्यावरून.

रॉकीच्या गॅरेजमध्ये काळ्या सुटातला एक माणूस येतो आणि दटावतो, की तू पाहिलास तो शुक्र होता. शुक्राइतकी तबकडी म्हणून फसगत दुसऱ्या कशानेच केलेली नाही, असंही सुनावतो आणि दाखला देतो जिमी कार्टर यांचा. हा दाखला काल्पनिक नाही. कार्टर यांनी १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या लिअरी गावी आकाशात एक तेजस्वी प्रकाश पाहिला होता आणि १९७३ मध्ये, गव्हर्नर असताना, त्याची रीतसर नोंद केली होती. पुढे रॉबर्ट शीफर या संशोधकाने कार्टर त्या दिवशी ज्या कार्यक्रमाला गेले होते, त्याच्या नोंदींवरून तारीख निश्चित केली. ती कार्टर यांच्या आठवणीतल्या ऑक्टोबरऐवजी ६ जानेवारी निघाली. त्या संध्याकाळी त्याच दिशेला शुक्र होता, असं शीफर यांनी दाखवलं. माजी राष्ट्राध्यक्षाची आठवण तब्बल नऊ महिने सरकलेली होती! खानावळीत मल्डरला भेटणाऱ्या वैमानिकाचं आडनाव शेफर असावं, यातली मेख जाणकारांना लगेच कळते.

काळ्या सुटातल्या त्या माणसाच्या भूमिकेत जेसी व्हेंचुरा आहेत, तेव्हाचे प्रसिद्ध माजी कुस्तीगीर आणि पुढे मिनेसोटाचे गव्हर्नर. त्यांच्या जोडीला 'जेपर्डी' या प्रश्नमंजूषेचे तेव्हाचे सूत्रसंचालक अॅलेक्स ट्रेबेक. धमकी द्यायला टीव्हीवरचा लाडका सूत्रसंचालक घरी आला होता, असं साक्षीदाराने सांगितलं तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

संमोहनाचा धागा जातो थेट १९६१ पर्यंत. न्यू हॅम्पशायरमध्ये राहणारं बार्नी आणि बेटी हिल हे जोडपं १९ सप्टेंबरच्या रात्री कॅनडाहून गाडीने परतत होतं. वाटेत त्यांना पाठलाग करणारा प्रकाश दिसला आणि घरी पोचायला अपेक्षेपेक्षा उशीर झाला. पुढे बेटीला भयंकर स्वप्नं पडू लागली. १९६४ मध्ये बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहित केलं, तेव्हा यानात नेऊन केलेल्या तपासणीची कहाणी बाहेर आली. अपहरणाच्या नंतरच्या असंख्य कहाण्यांचा साचा इथे तयार झाला. खुद्द डॉ. सायमन यांना मात्र ते अपहरण खरं वाटलं नाही. बेटीची स्वप्नं ऐकून ऐकून ती बार्नीच्या मनात उतरली असावीत, असं त्यांचं मत होतं.

प्रश्न कसा विचारला, यावर आठवण बदलते, हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या. गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असं विचारलेल्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितला. गाड्या एकमेकींना 'टेकल्या' तेव्हा किती, असं विचारलेल्यांनी सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात, आठवडाभराने, जोरदार शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. फितीत काच फुटलेलीच नव्हती.

या भागातला सर्वांत धारदार टोला मात्र स्वतःच्याच वाहिनीला आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये फॉक्सने रॉझवेलमध्ये सापडलेल्या परग्रहवासीयाच्या शवविच्छेदनाची म्हणून एक कृष्णधवल फीत दाखवली होती. ती आणणारे रे सँटिली यांनी २००६ मध्ये ती नव्याने बनवल्याचं मान्य केलं. मूळ फीत खराब झाल्याने तिची पुनर्निर्मिती केली, असा त्यांचा बचाव होता. बाहुली घडवणाऱ्या शिल्पकाराने तिच्यात मेंढीचा मेंदू आणि कोंबडीची आतडी भरली होती. मॉर्गन यांच्या भागात स्कली परग्रहवासीयाचं शव चिरते, तर आत झिप सापडते आणि वेषाखाली हवाई दलाचा मेजर निघतो. टीव्हीवर विकल्या गेलेल्या फितीतून नेमका तो क्षण कापलेला असतो.

बावीस वर्षांनी, २०१८ मध्ये, मॉर्गन यांनी याच मालिकेसाठी पुन्हा आठवणींवर एक भाग लिहिला. लहानपणी पाहिलेला 'ट्वायलाइट झोन'चा एक भाग मल्डर जिवाचं रान करून शोधतो; तो त्या मालिकेचा नव्हताच, असं निघतं. शेवटी स्कलीच्या हाती तिच्या लहानपणी मिळायची ती थरथरणारी गोड जेली येते. ती चमचा उचलते, तोंडापर्यंत नेते आणि न चाखताच खाली ठेवते. सगळं जसं होतं तसंच तिला आठवायचं असतं.